सॉकेट कुठे टोचतं, का टोचतं: गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाय बसवायला आलेला माणूस आधी पाऊल बघतो. ते वाकतं का, बोटं खरी वाटतात का, चप्पल बसेल का. घरचेही तेच विचारतात. पण पाय रोज वापरला जाणार की चार महिन्यांत कपाटामागे जाणार, हे ठरतं सॉकेटवर. सॉकेट म्हणजे स्टंप, म्हणजे कापल्यानंतर उरलेला पाय, ज्यात बसतो तो वरचा पोकळ भाग. पाय बनवण्याच्या टेबलाच्या अलीकडे बसून जे प्रश्न आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

माझं वजन सॉकेटमध्ये नेमकं कशावर पडतं? खालच्या टोकावर ना?

नाही, आणि पडूही नये. टाचेखाली जाड कातडी आणि चरबीची गादी असते. ती वजन घेण्यासाठीच घडलेली आहे. कापलेल्या नडगीच्या टोकाखाली तसं काही नसतं. म्हणून वजन बाजूंनी घ्यावं लागतं. नरसाळ्यात दुसरं नरसाळं अडकतं, तसा स्टंप सॉकेटच्या भिंतींवर अडकून राहतो.

दाब सोसणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. गुडघ्याच्या वाटीच्या खाली बोट लावलं की जाड दोरीसारखी शीर (टेंडन, रक्तवाहिनी नव्हे) लागते, ती एक. नडगीचं हाड वरच्या बाजूला आतून पसरट होतं तो उतार, ही फार भरवशाची जागा. नडगीच्या बाहेरच्या अंगाचं मांस, आणि मागे पोटरी. न सोसणाऱ्या जागाही ठरलेल्या: नडगीची पुढची धार, वाटीखालचा हाडाचा उंचवटा, बाहेरच्या बारीक हाडाचं वरचं डोकं, दोन्ही हाडांची कापलेली टोकं, आणि गुडघ्यामागच्या लवणीत दोन्ही कडांना लागणाऱ्या शिरा.

१९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात या जागांचा पद्धतशीर विचार करून जे सॉकेट तयार झालं, त्याला पीटीबी (पटेलर टेंडन बेअरिंग, म्हणजे वाटीखालच्या शिरेवर वजन घेणारं) म्हणतात. नावात वाटीखालच्या शिरेचा उल्लेख असल्यामुळे सगळं वजन तिथेच घ्यायचं असा गैरसमज पसरला. तो अजून गेलेला नाही. वाटीखाली खोल खड्डा पाडलेली सॉकेट्स त्यातूनच येतात. ती शीर वजनाचा एक वाटा घेते, बाकीचा इतर जागांनी घ्यायचा असतो.

ढोबळ हिशेब करून बघा. ७० किलोचा माणूस एका पायावर उभा आहे. सॉकेटच्या आत ३५० चौरस सेंटीमीटर जागेवर वजन सारखं वाटलं गेलं, तर दर चौरस सेंटीमीटरवर २०० ग्रॅम येतात. त्यातलं नुसतं २० किलो दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेवर आलं, तर तिथे दर चौरस सेंटीमीटरला साडेतीन किलो होतात. माणूस तोच, वजन तेच. चांगलं सॉकेट बनवणं म्हणजे हे वाटप जमवणं.

साचा माझ्याच पायाचा घेतला, मग तो पुन्हा तासता कशाला?

स्टंपवर पीओपीची पट्टी गुंडाळून घेतलेला साचा मोकळ्या, वजन नसलेल्या पायाचा असतो. तुम्ही उभे राहिलात की मांस दबतं, हाड दबत नाही. सॉकेट हुबेहूब साच्यासारखं केलं, तर पहिल्याच पावलाला मांस बाजूला सरकेल आणि हाड भिंतीवर आपटेल. म्हणून साच्यात प्लास्टर ओतून स्टंपची जी प्रतिकृती करतो, तिच्यावर जिथे दाब चालतो तिथे आम्ही प्लास्टर तासून कमी करतो, म्हणजे तिच्यावर घडवलेलं सॉकेट तिथे आवळतं. जिथे चालत नाही तिथे प्लास्टर चढवतो, म्हणजे तिथे जागा सुटते. एका जागी तीन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तरी ते तुम्हाला संध्याकाळपर्यंत कळतं.

जमेल तिथे आधी पारदर्शक प्लास्टिकचं चाचणीचं सॉकेट करून घ्या. त्यातून कातडी दिसते. दाबाखाली ती कुठे पांढरी पडते आणि तळाशी पोकळी राहिली आहे का, हे दिसतं. पारदर्शक सॉकेट नसलं तरी साधे उपाय आहेत. तळाशी मऊ क्लेची गोळी ठेवून उभं करायचं: गोळी तशीच राहिली तर टोक पोचत नाही, पार चपटी झाली तर टोकावर वजन येतंय. दुखऱ्या जागी लिपस्टिक लावली की तिचा डाग सॉकेटच्या आत नेमका कुठे लागतं ते दाखवतो. लिपस्टिक बघून पुरुष मंडळी संकोचतात, पण तपासणी अचूक होते.

सुरुवातीला दुखणारच ना? ‘घट्टे पडले की सवय होईल’ असं सगळे म्हणतात.

हे वाक्य आम्हाला मनापासून नकोसं आहे. त्याच्यामुळे लोक जखमेवर चालत राहतात.

पहिले काही दिवस घट्ट धरल्यासारखं वाटणं, थोडं हुळहुळणं, मांडी थकणं हे समजण्यासारखं आहे. पण एकाच ठिकाणी टोचणं, आग होणं, फोड येणं ही सवयीची बाब नाही. वाटीखाली कातडी थोडी जाड होते, तेवढी चालते. नडगीच्या धारेवर किंवा टोकावर घट्टा पडला, तर शरीर तिथे अति दाबाशी झगडतंय असा त्याचा अर्थ आहे. तो घट्टा पुढे फुटतो आणि त्याखाली पू होतो.

नवा पाय पहिल्या दिवशी १५ ते २० मिनिटं घालून चाला, काढा, कातडी बघा. मग पुन्हा घाला. वेळ रोज थोडा थोडा वाढवा. पहिल्याच दिवशी देवदर्शनाला किंवा लग्नाला निघू नका.

पाय काढल्यावर कातडी लाल दिसते. किती लाल चालते?

दाब सोसणाऱ्या जागांवर, पसरट आणि दहा-पंधरा मिनिटांत विरणारी लाली चालते. हाडाच्या उंचवट्यावरची, नाण्यासारखी रेखीव आणि अर्ध्या तासानेही न गेलेली लाली चालत नाही. तेवढं दिसलं की तो पाय त्या दिवशी परत घालू नका.

आपल्याकडे एक अडचण आहे. माहितीपत्रकांत ‘लाल’ असं लिहिलेलं असतं, आणि सावळ्या कातडीवर लाल दिसतच नाही. तिथे गडद, जांभळट किंवा चकाकणारा डाग शोधा. हाताच्या पालथ्या बाजूने चाचपून बघा: आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, टणक किंवा पिठासारखं मऊ लागतं का? स्टंपची मागची बाजू आणि टोक बघायला छोटा आरसा ठेवा.

मला मधुमेह आहे. दुखत तर काहीच नाही.

म्हणूनच काळजी जास्त. साखरेने नसा बधिर झाल्या की दुखणं ही सूचना मिळेनाशी होते. न दुखता जखम हाडापर्यंत जाऊ शकते. रात्री पाय काढला की आरसा आणि उजेड घेऊन बघायचं, रोज, न चुकता. नजर कमी असेल तर घरातल्या कुणाला तरी हे काम सांगा. आणि दुसरं पाऊलही त्याच वेळी बघा. आता सगळा भार त्याच्यावर आहे.

सकाळी सॉकेटमध्ये पाय जात नाही आणि संध्याकाळी आत खेळतो. बिघाड कुठे आहे?

बहुधा कुठेच नाही. स्टंप जिवंत आहे, त्याचं आकारमान दिवसभर बदलतं. सॉकेट मात्र कडक आहे. चालताना दर पावलाला दाब येतो आणि मांसातलं पाणी हळूहळू वर ढकललं जातं. दुपारपर्यंत स्टंप बारीक होतो, सॉकेटमध्ये खोल उतरतो, आणि सकाळी नेमक्या जागी बसलेले उंचवटे-खड्डे आता एक बोट खाली सरकलेले असतात. ज्या जागेसाठी खड्डा ठेवला होता तिथे आता भिंत येते. सकाळी ठीक आणि चारनंतर दुखतं, ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात हा बदल फार मोठा असतो. सूज उतरते, पोटरीचं न वापरलं जाणारं मांस झडतं. स्टंप स्थिरावायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. त्यामुळे पहिलं सॉकेट काही महिन्यांतच ढिलं होणं हा कारागिराचा दोष नसतो. पुढेही वजन पाच किलो वाढलं-घटलं की फरक पडतो. डायलिसिसवर असलेल्यांचा स्टंप तर डायलिसिसच्या आधी एक आणि नंतर दुसराच असतो. त्यांनी साचा कोणत्या दिवशी घ्यायचा हे आधी बोलून ठरवावं.

इलाज म्हणजे सॉकेटच्या आत स्टंपवर घालायचे मोजे, आणि मधली विश्रांती. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोन सँडर्स आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं सॉकेटमधल्या स्टंपचं आकारमान मोजत आले आहेत. दिवसातून मधे मधे बसून पाय थोडा वेळ काढला, तर गेलेलं पाणी काही प्रमाणात परत येतं, असं त्यांच्या मोजमापांत दिसलं. जेवणाच्या सुट्टीत हे जमण्यासारखं आहे. पण एक लक्षात ठेवा. ज्यांचा स्टंप अजून नवा आणि सुजरा आहे, त्यांनी पाय काढून तासभर नुसतं लोंबकळत ठेवलं तर तो परत आत जाणार नाही. काढलेल्या वेळात क्रेप बँडेज किंवा श्रिंकर (स्टंप दाबून धरणारा घट्ट लवचिक मोजा) घाला. एसटीच्या लांबच्या प्रवासात हे विसरलेली माणसं उतरताना पाय हातात घेऊन उतरतात.

मोजा वाढवू की कमी करू, हे कसं ओळखायचं?

मोज्याची जाडी प्लायमध्ये मोजतात: १, ३ आणि ५ प्लायचे मोजे मिळतात. कुठे दुखतं यावरून दिशा कळते.

मोजे कमी पडले तर स्टंप खोल जातो. वाटीची खालची कड सॉकेटच्या काठावर बसते, टोकाला दुखतं, कृत्रिम पाय आखूड झाल्यासारखा वाटतो, पाऊल उचलताना सॉकेट खाली घसरतं आणि टेकवताना ‘पुच्’ असा आवाज येतो. अशा वेळी १ प्लाय वाढवा. पाच-दहा मिनिटं चाला, मग ठरवा.

मोजे जास्त झाले तर स्टंप वरच अडकतो. पाय लांब वाटतो, वाटीखालचा हाडाचा उंचवटा त्याच्यासाठी ठेवलेल्या खड्ड्याच्या वर राहतो आणि दाबला जातो, टोकाला पोकळी राहते. इथे बऱ्याच जणांची चूक होते. दुखतंय म्हणजे मऊ काहीतरी हवं, असं समजून ते आणखी मोजा चढवतात आणि दुखणं वाढतं.

मोज्याला आत एकही सुरकुती नको, आणि शिवण टोकाच्या हाडावर नको. घरातला साधा फाटका सॉक्स दुमडून घालू नका. दुमडीच्या रेषेवर फोड येतो.

किती मोज्यांपर्यंत चालवायचं?

दहाच्या आसपास प्लाय लागू लागले की दाखवा, पंधराच्या पुढे तर सॉकेटच बदलायला हवं. एवढ्या जाड थराखाली उंचवटे-खड्डे बुजून जातात आणि सॉकेट नुसता पाइप उरतं.

स्टंपचं टोक काळपट, जाड, चामखिळीसारखं खडबडीत झालंय. कसलं इन्फेक्शन आहे का?

इन्फेक्शन वर चढू शकतं, पण मूळ कारण बहुतेकदा दाबाचंच असतं. सॉकेट वर आवळतं आणि खाली टोकाला कातडी कशालाच टेकत नाही, तेव्हा रक्त खाली येतं पण परत वर जायला अडतं. टोक आधी फुगतं, लाल-जांभळं होतं, ओलसर राहतं. महिनोन्‌महिने असंच चाललं की कातडी जाड होऊन खरखरीत गाठी येतात. मलम लावून त्या जात नाहीत. टोकाला हलका, सारखा स्पर्श मिळाला की हळूहळू ओसरतात. टोकावर वजन नको, पण स्पर्श हवा, हा फरक नीट समजून घ्या.

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. जयपूर पद्धतीची अनेक जुनी सॉकेट्स आधी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आणि नंतर एचडीपीई नावाच्या टणक प्लास्टिकच्या पाइपची, खालून उघडी असत. वारा लागतो, वजनाला हलकी, झटपट होतात, शेतात चिखल-पाण्यात टिकतात, हे त्यांचे खरेखुरे गुण. पण उघड्या टोकाला आधार नसल्यामुळे सूज येणारे रुग्ण आम्ही पाहतो. तुमचं सॉकेट तसं असेल आणि टोक काळं पडत असेल, तर पूर्ण स्पर्शाचं, खालून बंद सॉकेट मागा.

कडेला भेगा पडून पाणी येत असेल तर आधी डॉक्टरकडे जा.

सिलिकॉनचा लायनर घेतला की प्रश्न सुटेल?

लायनर म्हणजे सॉकेटच्या आत, थेट स्टंपवर चढवायचं मऊ आवरण. त्याने काही प्रश्न सुटतील. दाबाखेरीज कातडीला आणखी एक शत्रू आहे: घसट. सॉकेट वर-खाली सरकलं की कातडी एकीकडे ओढली जाते, हाड दुसरीकडे जातं. फोड येतात ते बहुधा यानेच. सिलिकॉन कातडीला चिकटून राहतो आणि ही ओढ स्वतःवर घेतो. आइसलँडमध्ये ओसुर क्रिस्टिन्सन यांनी १९८६ च्या सुमाराला असा लायनर बाजारात आणला, आणि त्यानंतर वजन ठरावीक जागांऐवजी सगळ्या पृष्ठभागावर वाटणाऱ्या सॉकेट्सना जोर आला. हाडकुळ्या, व्रण पडलेल्या, कातडी रोपण केलेल्या स्टंपला लायनरने फार आराम मिळतो.

पण वाईट सॉकेट लायनरने चांगलं होत नाही. पातळ झालेल्या स्टंपवर तो घातला तरी मोजे लागतातच. तळाला खिळ्यासारखी पिन असलेल्या प्रकारात पाऊल उचलताना पिन टोकाचं मांस खाली ओढते. काहींना त्यानेच टोक दुखतं. घालताना लायनर पूर्ण उलटा करा, तळ टोकाला टेकवा, मग वर गुंडाळत न्या. तळाशी हवा अडकली तर तिथे फोड येतो. रोज रात्री सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. किंमत मोठी आहे आणि दर एक-दोन वर्षांनी तो बदलावा लागतो. तेवढा खर्च परत परत करता येणार नसेल, तर नीट बनवलेलं साधं सॉकेट, आत मऊ फोमचा थर आणि सुती मोजे यांवर माणसं वर्षानुवर्षं व्यवस्थित चालतात. परवडत नाही म्हणून आपण कमी प्रतीचं काही वापरतोय, असं वाटून घेऊ नका.

बूट घालून ठीक चालतो, घरात अनवाणी चाललं की दुखतं. असं का?

फार चांगला प्रश्न, आणि आपल्या घरांत अगदी रोजचा. पाऊल बसवताना ठरावीक उंचीची टाच धरलेली असते. तो बूट काढला की टाच खाली जाते, सॉकेट मागे कलतं, गुडघा मागे रेटला जातो, सतत चढावर चालल्यासारखं वाटतं. दाब वाटीखाली आणि मागून टोकाला वाढतो. उलट, ठरलेल्यापेक्षा उंच टाचेची चप्पल घातली की गुडघा पुढे ढकलला जातो आणि नडगीचं पुढचं टोक टोचतं.

म्हणजे सॉकेटला हात न लावता, नुसत्या चपलेने आतला दाब बदलतो. दिवसातला जास्त वेळ अनवाणी जात असेल, तर ते आधीच सांगा. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ साली जयपूरला घडवलेलं पाऊल मुळात अनवाणी चालण्यासाठीच होतं. उंच टाचेचा बूट त्यालाच नडतो. ज्यांना दोन्ही लागतं, त्यांनी बुटाच्या टाचेइतकी पाचर बसवलेली घरातली वेगळी चप्पल ठेवावी. हा चपलेच्या दुकानातला छोटा खर्च आहे.

मांडी घालून बसलं की गुडघ्यामागे कापतं.

सॉकेटची मागची कड तिथे मुद्दाम उंच ठेवलेली असते. ती स्टंपला पुढे धरून ठेवते. फार खाली कापली तर स्टंप मागे सरकतो आणि वाटीखालचा आधार सुटतो. शिरांसाठी कडेला थोडी खाच आणि बाहेर वळवलेली गोल कड देता येते, तेवढं नक्की मागा. तासभर भजनाला किंवा पंगतीला बसायचं असेल तर पाय काढून बाजूला ठेवणं उत्तम. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

उन्हाळ्यात घामाने पाय निसटतो.

मधे काढा, स्टंप आणि आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसा, मोजा बदला. एक जादा मोजा पिशवीत असूच द्या. घालण्याआधी तेल किंवा क्रीम लावू नका. ते रात्री लावायचं. स्टंपवरचे केस वस्तऱ्याने काढू नका, खुंट आत वळून पुळ्या येतात.

सॉकेट घातलं की नसलेल्या पावलात मुंग्या येतात.

बाहेरच्या बारीक हाडाच्या मानेजवळून एक नस जाते, ती दबत असेल. किंवा कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ आली असेल. तिच्यावर टिचकी मारली की करंट बसल्यासारखं होतं. दोन्ही ठिकाणी सॉकेटमध्ये जागा मोकळी करता येते. अंदाजाने सहन करू नका, बोट ठेवून जागा दाखवा.

टोचतं तिथे मी स्पंजचा तुकडा चिकटवला. बरोबर केलं ना?

मनात येणारं पहिलं तेच, पण परिणाम उलटा होतो. दुखऱ्या जागीच भर घातली की तिथे दाब आणखी वाढतो. भर घालायची ती आजूबाजूच्या सोसणाऱ्या जागांवर, म्हणजे दुखरी जागा भिंतीपासून उचलली जाते. काचपेपरने आतून घासणंही टाळा. एकदा गेलेलं प्लास्टिक परत येत नाही.

पाय शिबिरात मोफत मिळाला. दुखतं म्हणून तक्रार करणं बरं दिसतं का?

हा प्रश्न लोक खाली बघत विचारतात. एक शिक्षक दीड वर्ष दुखणारं सॉकेट घालून शाळेत उभे राहून शिकवत होते, कारण ‘दिलंय त्यांनी, नावं कशी ठेवायची?’ त्यांच्या नडगीच्या टोकावर तोवर जखम झाली होती.

दुखतंय हे सांगणं म्हणजे नावं ठेवणं नव्हे. सॉकेट दुरुस्त करावं लागणं हा पाय बनवण्याच्या कामाचाच भाग आहे. पैसे देऊन घेतलेल्या पायालाही तो चुकत नाही. दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणारी केंद्र सरकारची अडिप योजना १९८१ पासून आहे, तिच्यातून मिळणारा पाय हा उपकार नाही. शिबिराची माणसं निघून गेली असतील तर कायमचं केंद्र गाठा. मुंबईत हाजीअलीला भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. पुण्यात १९४४ साली सैनिकांसाठी सुरू झालेलं कृत्रिम अवयव केंद्र आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि जिल्ह्याच्या पुनर्वसन केंद्रांतही चौकशी करा. समोरच्या माणसाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दाखवायला येताना काय आणू?

रोजची चप्पल आणि बूट, दोन्ही. सगळे मोजे. घालायला अर्धी चड्डी, किंवा गुडघ्याच्या वर घेता येईल असा कपडा. आदल्या रात्री दुखऱ्या जागेचा, लाली ताजी असताना, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आणि वेळ. संध्याकाळी दुखत असेल तर सकाळी नऊची वेळ घेऊ नका. तेव्हा सगळं छान बसतं आणि आम्हाला काहीच सापडत नाही. दुपारी चारला या, रिक्षाने न येता बसस्टॉपपासून चालत या, आणि दारात आल्यावर मोजे बदलू नका. जसं दुखतंय तसं आत घेऊन या.